उंट राहिला बाजूला, आम्ही सड्यावर गेलो

राजापूर, २४ ऑगस्ट

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू म्हणालीस ना की जैवविविधतेचा धडा झाला, मुलांनी उत्तरं पाठही केली, तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतंय. अगं माझं अगदी तसंच झालं होतं, पण नेमकी रेंज गेली आणि सांगायचं राहिलं. आज वह्या तपासून झाल्यात, बाहेर पाऊस धो धो कोसळतोय, म्हणून निवांत लिहायला बसलेय.

मीही आधी कुठला प्राणी आपल्या जागेत राहायला कसा जुळलेला असतो ह्याचा तक्ताच लावला होता, उंट, पांढरं अस्वल, मासा, बदक. मुलांनी घडाघडा म्हणून दाखवलं. मग चौथीतल्या एकाच्या वहीत वाचलं, ‘वाळू डोळ्यात जायला लागली म्हणून उंटाने पापण्या लांब केल्या.’ लाल पेन घेतलं आणि हात तिथेच थांबला, कारण चूक त्याची नव्हती गं, वर्गात मीच तसं बोलले होते, प्राणी परिस्थितीशी जुळवून घेतात म्हणून. मुलांना वाटतं उंटाने ठरवलं आणि केलं, जशी आपण पाऊस बघून छत्री घेतो. कुबडात पाणी नसतं, चरबी असते, हे तर दोनदा सांगावं लागलं.

मग उंट बाजूला ठेवला. आमच्या मुलांनी उंट बघितलेला नाही, पण शाळेच्या मागे सडा आहे, जांभ्या दगडाचं उघडं पठार. तू आलीस तेव्हा मे महिना होता, नुसता जांभा, तापलेल्या तव्यासारखा, चप्पल काढायची सोय नाही. आता ये आणि बघ. खळग्याखळग्यात पाणी, त्यात बेडूकमासे, बाजूला सीतेच्या आसवांची जांभळी चादर. ही फुलं गौरीगणपतीच्या आसपास मुलं रोजच तुडवत जातात, पण ह्या झाडाला खाली ओल्यात बारीक बारीक फुगे असतात आणि ते इवलेसे जीव आत ओढून घेतात हे कळल्यावर सगळी गप्पच झाली.

दवबिंदू नावाचं झाड तर आम्ही पालथं पडून बघितलं. बोटभरच, पानांवर लाल केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब, त्यात एक चिलट अडकलेलं, अजून पाय हलवत होतं. मी सांगितलं की कातळावर माती बोटभर पण नाही, पावसाने तीही धुऊन जाते, नायट्रोजन मिळत नाही, तो हे झाड किड्यातून घेतं. तर तिसरीतली एक म्हणाली, ‘बाई, म्हणजे उन्हातून त्याला भात मिळतो, पण डाळ नाय मिळत.’ सुमे, इतकं बरोबर मला स्वतःला सांगता आलं नसतं, मी ते वाक्य फळ्यावर लिहिलं आणि अजून पुसलेलं नाही.

पण उंटाच्या पापण्यांचा प्रश्न बाकीच होता, ‘ठरवून केलं’चा. त्यासाठी मी लोकर आणली. बोटाएवढे ४० तुकडे हिरवे, ४० तांबडे, मैदानातल्या गवतात विखुरले. ८ मुलं पक्षी झाली, तुकडे झाले अळ्या, एका मिनिटात दिसतील त्या अळ्या उचलायच्या. उरल्या ३१ हिरव्या आणि १२ तांबड्या. मग म्हटलं उरलेल्या प्रत्येक अळीला आपल्याच रंगाचं एक पिल्लू होईल, म्हणजे ६२ आणि २४, परत टाकल्या, परत वेचल्या. दुसऱ्या फेरीनंतर तांबड्या उरल्या ४. कुठल्याच अळीने रंग बदलला नव्हता, ठरवलं तर अजिबातच नव्हतं, तरी गवत हिरव्यांचं झालं. मुलांनीच वजाबाक्या केल्या, गणिताचा तास वेगळा घ्यावाच लागला नाही.

आणि मग ज्या मुलाने पापण्यांचं लिहिलं होतं तोच म्हणाला, बाई, आता सड्यावर टाकूया. टाकल्या, पुन्हा ४० आणि ४०. जांभ्यावर हिरव्या पटापट उचलल्या गेल्या, तांबड्या तिथेच पायाखाली असून कुणाला दिसेनात! तो बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, ‘म्हणजे तांबडा रंग वाईट नव्हता, जागा चुकली होती.’ मला खरंच भरून आलं गं. परत येताना त्यानेच कातळावरून एक नाकतोडा धरून आणला, अगदी जांभ्याच्या रंगाचा, पाठीवर काळे ठिपकेसुद्धा तसेच. शेताच्या बांधावरचा हिरवा कुणीतरी आणला, दोघे काचेच्या बरणीत शेजारी ठेवले, भोवती सगळी शाळा जमली. संध्याकाळी ज्याला त्याला आपापल्या जागी सोडून आलो, बदलाबदली होऊ नये म्हणून मुलं स्वतः तपासत होती.

तू म्हणशील तुझं बरंय, तुझ्याकडे सडा आहे, माझ्या शाळेत नुसते पेव्हर ब्लॉक. तर ऐक, कढीपत्त्याची किंवा लिंबाची एक कुंडी ठेव, उघड्यावर, औषध न मारता. मॉर्मन फुलपाखरू पुण्यात असतंच, ते येऊन अंडी घालेल. अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी, आणि काडीने हळूच डिवचलं की डोक्यामागून लालसर शिंगं काढते, वास सुटतो. मुलांना नाव आधी सांगू नकोस, रोज फक्त चित्र काढायला लाव. नशिबात असेल तर नीलवंतही येईल, २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू झालं ते, त्याच्याही अळ्या लिंबावरच वाढतात.

लोकर उरली आहे, गणपतीला येशील तेव्हा घेऊन जा. आणि पहिली अळी दिसली की लगेच फोटो टाक, आमच्या पोरांना दाखवायचाय, त्यांनी वहीत तुझ्या वर्गासाठी पान कोरं ठेवलंय.

तुझी,
मंजू