सूचना : शब्बाथची (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार, आपल्या विश्रांतीच्या दिवसाची) तेफिला (प्रार्थना) कोण चालवणार?

शालोम मंडळी,

आपले हजान (तेफिला चालवणारे) महिनाभर इस्राएलला जात आहेत. तोवर तेफिला सभासदांनीच चालवायची आहे. गेल्या शुक्रवारी पाच मिनिटं कोणीच पुढे आलं नाही, ते मनाला फार लागलं.

हजान नसले म्हणून तेफिला अडत नाही. आपल्या रिवाजात १३ वर्षं पूर्ण झालेला, हिब्रू स्वच्छ वाचणारा आणि जमातीला मान्य असलेला कोणीही पुरुष तेफिला चालवायला उभा राहू शकतो. कोहेनच (पुरोहित घराण्यातलाच) हवा असं नाही. कोहेनचा मान तोराच्या, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाच्या, वाचनाला पहिलं बोलावण्याचा. शुल्हान आरूख या आपल्या धर्मनियमांच्या ग्रंथातली, दाढी आलेलाच हवा ही अट कायम नेमणुकीसाठी आहे, अधूनमधून उभं राहणाऱ्याला नाही. तेव्हा नुकतीच बार मित्झवा (तेराव्या वर्षीचा विधी) झालेल्या मुलांनो, संकोच नको.

पहिल्यांदा विचारल्यावर नम्रपणे नको म्हणण्याची जुनी रीत आहे, पण तिसऱ्यांदा उठायलाच हवं. आणि चालवणारा मध्येच अडला, तर दुसऱ्याने पहिल्या हाकेलाच त्याची जागा घ्यावी, असं तालमूद हा आपला जुना धर्मग्रंथ सांगतो.

या शब्बाथला एका घरच्यांना कद्दीश (मृतांसाठी म्हणायची प्रार्थना) म्हणायचं आहे. दहा पुरुष जमल्याशिवाय ते होत नाही. कृपया वेळेवर या. तेफिला चालवणाऱ्यांनी नावं गुरुवारपर्यंत कळवावीत.