राणीने पंजा ठेवला की आधी मीटर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारले, "जनावराच्या नाकावर पोराचा जीव सोपवून तुम्ही निर्धास्त कसे झोपता?" मी घाईत काहीतरी बोलून विषय मिटवला, पण प्रश्न मनातून गेला नाही. पुढच्या महिन्यात तुमचा नातू पहिल्यांदाच आमच्याशिवाय चार दिवस तुमच्याजवळ राहणार आहे आणि त्याची साखर उतरल्याचे वासावरून ओळखणारी आमची कुत्री राणीही त्याच्यासोबत येणार आहे, म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर आज सविस्तर लिहीत आहे. बाबा, आम्ही निर्धास्त झोपत नाही. राणी आल्यापासून झोप थोडी वाढली आहे, एवढेच मी म्हणू शकते.

आई, त्याआधी एक गोष्ट तुझ्यासाठी. तीन वर्षांपूर्वी तो सतत पाणी मागू लागला, पुन्हा अंथरूण ओले करू लागला आणि शेवटी त्याला दवाखान्यात दाखल करावे लागले, तेव्हापासून तू त्याला लाडाने भरवलेल्या गोडाचा हिशेब मनात मांडत बसतेस, हे मला ठाऊक आहे. तो हिशेब तू आता सोडून दे. हा टाइप १ मधुमेह आहे. शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेनेच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट केल्या, आणि त्याचा गोड खाण्याशी काही संबंध नाही. त्याला टोचताना तुझ्या डोळ्यांत पाणी येते. माझ्याही येत असे. पण १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले, त्याआधी अशी मुले फार काळ जगत नसत, हे वाचल्यापासून ती सुई हातात घेताना मला कृतज्ञता वाटते.

खरी अडचण पुढे सुरू होते. आपले स्वादुपिंड क्षणाक्षणाला मोजून इन्सुलिन सोडते, त्याच्यासाठी मात्र आम्हाला ते अंदाजाने द्यावे लागते. मग ताटातले अर्धे तसेच राहिले किंवा संध्याकाळी तो नेहमीपेक्षा जास्त धावला की दिलेले इन्सुलिन जास्तीचे ठरते आणि साखर ७० च्या खाली उतरते. जागा असला तर त्याला घाम फुटतो, हात थरथरतात, तो विनाकारण चिडतो. खेळात रमला असला तर त्याचे त्यालाच कळत नाही, आणि झोपेत असला तर कोणालाच कळत नाही. साखर फार उतरली तर झटके येऊन शुद्ध हरपू शकते. आमच्या रात्री या भीतीत जातात.

राणीला हीच उतरती साखर वासावरून ओळखायला शिकवले आहे. ती येण्याच्या कितीतरी आधीपासून आमचे काम सुरू झाले होते. त्याची साखर कमी झाली की एकाने त्याला ग्लुकोज द्यायचे आणि दुसऱ्याने त्याच्या कपाळावरून व मानेवरून कापसाचा बोळा फिरवून तो बरणीत बंद करायचा, वर तारीख आणि आकडा लिहायचा आणि बरणी फ्रीजरमध्ये ठेवायची. प्रशिक्षकांनी त्या बरण्या इतर बरण्यांमध्ये मिसळून तिच्यापुढे मांडल्या. योग्य बरणीपाशी थांबली की तिला खाऊ मिळे. महिनोन्महिने हेच चालले होते. बर्फाच्या शेजारी लेकराच्या घामाच्या बरण्या रचून ठेवताना माझे मन किती वेळा भरून आले, ते तेव्हा मी तुम्हाला सांगितले नव्हते.

तो वास नेमका कशाचा, याचा शोध अजून पूर्ण झालेला नाही. केंब्रिजमधल्या संशोधकांना २०१६ साली असे आढळले की टाइप १ मधुमेह असलेल्या स्त्रियांची साखर उतरवली असता त्यांच्या श्वासातले आयसोप्रीन नावाचे द्रव्य स्पष्टपणे वाढते; कुत्र्यांना हेच जाणवत असावे, असा त्यांचा तर्क आहे. कुत्री किती वेळा बरोबर ठरतात, यावर मात्र एकमत नाही. ब्रिस्टलमधल्या संशोधकांनी २०१९ साली सत्तावीस प्रशिक्षित कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साखर उतरल्याचे सरासरी ८३ टक्के प्रसंग त्यांनी ओळखले होते, पण कुत्र्याकुत्र्यात बराच फरक होता. दुसऱ्या काही अभ्यासांत कुत्र्यांचे इशारे अनेकदा चुकीचे निघाले आणि दंडावर लावलेला, सतत साखर मोजणारा सेन्सर त्यांच्या आधी बोलला. बाबा, तुमची शंका रास्त आहे, म्हणूनच हे काही न लपवता लिहिले.

दोन रात्री सांगते, म्हणजे आमचा भरवसा कुठवर आहे ते कळेल. काही महिन्यांपूर्वी पहाटे तीनच्या सुमारास राणीने माझ्या अंगावरचे पांघरूण ओढले. मी सेन्सरचा आकडा पाहिला, तो ९२ होता, म्हणून मी तिला झोपायला सांगितले. ती हलली नाही. तिने माझ्या हातावर पंजा ठेवला, त्याच्या पलंगापाशी गेली आणि पुन्हा माझ्याकडे आली. शेवटी मी उठून त्याच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, तर मीटरवर ६१. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, तो कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि साखर वेगाने उतरत असली की त्याचा आकडा काही मिनिटे मागे राहतो. त्या रात्री त्याला ग्लुकोज देऊन मी जमिनीवर राणीला टेकून बसले आणि सकाळपर्यंत तिथून उठले नाही.

दुसरी रात्र एका लांबच्या प्रवासानंतरची आहे. राणी थकून गाढ झोपली होती, साखर ५८ वर आली आणि मला सेन्सरच्या गजराने जाग आली. तिने कूसही बदलली नाही. तिच्यावर मी रागावले नाही, कारण तीही दमते आणि तिलाही झोप लागते. पण त्या रात्रीनंतर सेन्सरचा आवाज कमी करायचा नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले.

म्हणून तुमच्याकडे क्रम असा ठेवा: राणीने पंजा ठेवला किंवा नाकाने ढोसले, तर सेन्सर काहीही दाखवो, आधी बोटातून थेंब घेऊन मीटरवर पाहायचे. आकडा ७० च्या खाली असेल तर त्याच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी ठरवून दिलेले १० ग्रॅम ग्लुकोज द्यायचे. मी तेवढ्याच वजनाच्या पुड्या मोजून पाठवत आहे. आई, त्या वेळी प्रेमापोटी चॉकलेट देऊ नकोस, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे आणि आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढेच द्यायचे. तो गिळू शकत नसेल किंवा हाकेला ओ देत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, त्याला कुशीवर वळवा, लाल डबीतले ग्लुकॅगॉन, म्हणजे साखर झटकन वाढवणारे औषध, द्या आणि रुग्णवाहिका बोलवा. ते कसे द्यायचे हे मी निघण्यापूर्वी तुम्हा दोघांच्या हातून करवून घेणार आहे. साखर वाढल्याचे मात्र राणीला शिकवलेले नाही. सेन्सरने तसे दाखवले तर स्वतःहून जादा इन्सुलिन न देता मला फोन करा.

आता बाबांना कळकळीची एक विनंती. दारात आलेल्या कोणत्याही प्राण्याला तुम्ही उपाशी जाऊ देत नाही, तुमचा तो स्वभाव मला फार आवडतो, पण राणीच्या बाबतीत त्याला चार दिवस आवर घाला. तिला इशाऱ्याचा खाऊ मिळतो तो मीटरने तिचे म्हणणे खरे ठरवल्यावरच. नुसता पंजा ठेवला म्हणून खाऊ मिळू लागला, तर पंजा ठेवला की खायला मिळते एवढेच ती शिकेल, आणि मग तिच्या पंजाला काही अर्थ उरणार नाही. तिची दोन वेळची खाण्याची मापे मी बांधून देईन. अंगावर कामाचे जाकीट असताना तिला कुरवाळू नका. जाकीट काढले की ती तुमच्या मांडीवर डोके ठेवायला आपणहून येईल, तेव्हा हवे तेवढे लाड करा.

राणीमुळे आणखी एक गोष्ट घडली आणि तिची किंमत मला सर्वांत जास्त वाटते. पूर्वी बोट टोचायचे म्हटले की तो पलंगाखाली लपत असे. आता राणीला खाऊ मिळावा म्हणून तो हात धुऊन स्वतः मीटर घेऊन येतो, आकडा मोठ्याने वाचतो आणि तिला सांगतो, "बरोबर ओळखलेस." या आजारात आपल्या बाजूने कोणीतरी आहे, असे त्याला वाटू लागले आहे. त्याच्यासमोर राणी चुकल्याचे फार बोलू नका; तो ते मनाला लावून घेतो.

रात्री तिचे अंथरूण त्याच्या पलंगालगत जमिनीवर घाला आणि खोलीचे दार उघडे ठेवा, म्हणजे तिला तुमच्यापर्यंत येता येईल. बाबा, तुम्हाला पहाटे जाग येतेच. तेव्हा राणीने उठवले नसले तरी एकदा मीटर लावाल का? दिवा मोठा करू नका, नुसते हळूच "बोट" म्हणा. तो झोपेतच हात पुढे करतो.

तुमची,
लेक