बोटीच्या इंजिनाचे आटे अन् एम-सीलचा लेप

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा जवळ आला की बचावाच्या बोटी पाण्यात उतरवून चाचणी घेतल्याचे फोटो तुमच्या पेपरात येतात, ते पाहून हे पत्र लिहून राहिलो. मी इंजिन मिस्त्री आहे. टू-व्हीलरचं काम करतो, मधली चार वर्षं रत्नागिरीकडं मच्छीमारांच्या बोटींवर होतो, म्हणून आउटबोर्ड इंजिनही (बोटीच्या मागं बाहेरून लटकवतात ते) माझ्याकडं येतात. आधी नागपुरात बोटीचं इंजिन दुरुस्त करतो म्हटलं की लोक हसायचे, काहून भाऊ, समुद्र आणला का इथं? 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, डागा ले-आउटमधून माणसं बोटीत बसवून काढावी लागली, तेव्हापासून कोणी हसत नाही.

तर गोष्ट अशी, की गेल्या महिन्यात एका ठिकाणची बोट आली (नाव घेत नाही), तक्रार काय तर पाण्यात गिअर टाकला की आवाज येतो. खालच्या गिअरकेसचा (पंख्यामागच्या गिअरच्या डब्याचा) तेल काढायचा ड्रेन स्क्रू बघतो तर त्याच्यावर एम-सीलचा ढेकूळ, आत टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे. खरवडून स्क्रू काढला, म्हणजे काढायची गरजच नव्हती, बोटानं फिरवला अन् हातात आला. मागून तेल आलं ते दुधाच्या चहासारखं. गिअर ऑइलचा रंग असा झाला म्हणजे आत पाणी शिरलंय, बेअरिंगला गंज लागायची भीती. आट्यांचं अ‍ॅल्युमिनियम स्क्रूच्या खोबणीत तारेसारखं गुंडाळून आलं होतं.

हे होतं कसं ते सांगतो, कारण नव्वद टक्के मिस्त्री इथंच चुकतात असं माझं मत आहे, आकडा माझ्या मनाचा. तो स्क्रू आट्यांनी सील होत नाही, त्याच्या डोक्याखालच्या छोट्या वॉशरनं होतो. तेल बदललं की वॉशर नवा टाकायचा असतो, पण कोणी टाकत नाही, मग थेंब थेंब गळतं, मग लांब पाना लावून आणखी आवळतात, स्क्रू स्टीलचा अन् बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, मग मरणार कोण? कोकणात खाऱ्या पाण्यामुळं दोन धातूंची जोडी सडते, पांढरी पावडर होऊन बोल्ट जाम होतो अन् काढताना आटे घेऊनच बाहेर येतो. आपल्याकडं गोडं पाणी, तो त्रास कमी. आपल्याकडं आटे माणूसच मारतो.

अन् आटे गेले म्हणून गिअरकेस भंगारात घालायची, हेही मला पटत नाही. हेलिकॉइल नावाची स्टेनलेसच्या तारेची स्प्रिंग येते, ती भोकात बसवली की तिचेच नवे आटे होतात. 8 मिलीमीटरच्या बोल्टाला (दोन आट्यांमधलं अंतर 1.25 मिलीमीटर) 8.3 चं ड्रिल सरळ मारायचं, तिरकं गेलं की खेळ खलास, मग तिचाच खास टॅप (आटे पाडायचं हत्यार), साधा 8 चा चालत नाही, टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं म्हणजे कीस त्यात चिकटतो, अन् अर्धा-एक फेरा मारून मागं घ्यायचा. स्प्रिंग आत फिरवली की वरच्या कडेच्या थोडी खाली ठेवायची, मग खालचं शेपूट तोडून चिमट्यानं बाहेर काढायचं. स्पार्क प्लगच्या भोकात हे शेपूट सिलिंडरमध्ये पडलं तर पिस्टनचं काय होईल ते सांगायला नको, तिथं बिनशेपटाची घ्या. नीट बसवलेली हेलिकॉइल मूळच्या अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत धरते, कारण बाहेरून तिला जास्त रुंद भोकातलं अ‍ॅल्युमिनियम पकडायला मिळतं. ड्रेन स्क्रूला मात्र मी भरीव बुश (आतून आटे असलेली धातूची नळी) टाकतो, बाहेरून लॉक्टाइट हा आटे चिकटवायचा गोंद लावून, म्हणजे तारेच्या कडेनं पाणी झिरपायची भीती नाही. एम-सील आटे धरत नाही, टेफ्लॉन तर मुळीच नाही, तो नळाचा माल आहे.

माझी विनंती एवढीच, की चाचणीच्या दिवशी इंजिन नुसतं सुरू करून फोटो काढू नका. गिअर टाकून, माणसं बसवून दहा-पंधरा मिनिटं फुल थ्रॉटलवर पळवा, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची पिचकारी बाहेर येते का बघा, अंबाझरीत जलपर्णी असली की इनटेक (पाणी आत ओढायचं तोंड) बंद होऊन इंजिन तापतं. मग ड्रेन स्क्रू काढून तेलाचा रंग बघा अन् परत लावताना नवा वॉशर अन् टॉर्क रेंच (किती आवळलं ते मोजणारा पाना) वापरा, मॅन्युअलमध्ये आकडा लिहिलेला असतो.

ती गिअरकेस अजून माझ्या टेबलावर पडली आहे. बुश टाकायचा म्हणून बोटवाल्या साहेबांनी तीन कोटेशन मागितलीत, अन् बुशचं काम करणारा दुसरा मिस्त्री इथं कोण आहे ते मलाच विचारून राहिले.

आपला,
एक इंजिन मिस्त्री, नागपूर