हजेरीत तिचं नाव घेणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

तुमची बदली झाली त्या दिवशी मी पुण्यात कंपनीत दुसऱ्या पाळीला होतो. गावानं साडी-नारळ देऊन निरोप दिला म्हणे. मला यायचं होतं, सुट्टी मिळाली नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही मुद्दाम चारचौघांत. आमच्याकडे झेडपीच्या शाळेबद्दल चारचौघांत तोंड उघडतं ते बहुतेक शिव्या द्यायलाच. मीही कमी दिलेल्या नाहीत.

आमचं घर म्हणजे एक कोयता. बीड जिल्ह्यात एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो: मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन साखर कारखान्यासाठी ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे कोयता. दिवाळीच्या आसपास टोळी निघते, ती गुढीपाडव्याच्या मागेपुढे परत येते. मी पाच हंगाम कोपीत, म्हणजे तोडणीच्या जागी उभारलेल्या झोपडीत काढले. पहाटे आई-बापू फडात जायचे, मी बहिणींना सांभाळायचो, नाहीतर वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधायचो. आणि त्या पाचही वर्षी मी शाळेत हजर होतो. कागदावर! एक खाडा नाही.

तेव्हाच्या गुरुजींचं गणित सरळ होतं. पट घटला तर शिक्षकाचं पद जातं. महिनाभर सलग गैरहजर लिहिलं तर पोर शाळाबाह्य ठरतं, मग वरून विचारणा. त्यापेक्षा हजर लिहिलेलं बरं. २०११च्या ऑक्टोबरात राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली. एकच पोर दोन शाळांत दाखवलं जाऊ नये म्हणून आमच्या बोटांना शाई लावली होती. मी ते बोट गावभर मिरवलं. तेव्हा आम्ही खरोखरच वर्गात होतो ना! दिवाळीनंतर मोजायला कोणी फिरकलं नाही.

पाडव्याला परत आलो की गुरुजी काहीच विचारायचे नाहीत. विचारणार तरी काय, मी गेलोच नव्हतो!

धाकट्या बहिणीचंही पहिली-दुसरीत तेच चाललं होतं. ती तिसरीत गेली आणि तुम्ही आलात. त्या हंगामात ती कोपीत होती तेव्हा तुम्ही तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलंत. पण नाव रोज घेतलंत.

हे मला फोनवर तिच्याच तोंडून कळलं. गावात परतल्यावर मैत्रिणींनी तिला सांगितलं होतं. "दादा, मी नव्हते तरी बाई रोज माझं नाव घ्यायच्या."

"मग ओ कोण द्यायचं?"

"सगळे."

म्हणजे तुम्ही नाव पुकारायचात आणि वर्ग एका सुरात ओरडायचा, "कारखान्याला गेलीय बाई!" मग पुढचं नाव, तेही कारखान्याला. एवढी पोरं गेलेली असताना हजेरीला किती वेळ लागत असेल? एक पोरगा तर म्हणे कोण कुठल्या कारखान्याला आहे तेही सांगायचा, आणि तुम्ही त्याला गप्प केलं नाहीत.

बाई, मी फोन ठेवला आणि कंपनीच्या गेटबाहेर बराच वेळ उभा राहिलो. पाच हंगामांत माझं नाव असं एकदा तरी कुणी घेतलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब लागत नव्हता. अजून लागत नाही.

खरी गैरहजेरी वरच्या ऑफिसात कळली म्हणूनच पुढच्या वर्षी हंगामी वसतिगृहाची, म्हणजे आई-बाप तोडीला गेले तरी पोरांना गावातच राहून शिकता यावं अशा सोयीची मागणी करता आली, असं सरपंच सांगतात. त्यासाठी तुम्ही किती खेटे घातलेत ते तुम्हालाच माहीत. आता आई-बापू जातात, धाकटी आजीजवळ राहते, दोन वेळचं वसतिगृहात जेवते. वह्या-दप्तरही तुम्ही दिलंत, त्याचे आभार आईनं मानलेच असतील. तसं पदरचं देणारी माणसं अधूनमधून भेटतात, त्यांचे फोटोही येतात. पण रजिस्टरमध्ये खरं लिहिणारं माणूस विरळा. मी आता कंपनीत रोज रजिस्टर भरतो. साहेब मागे उभा असला की पेन कसा आपोआप सोयीचा आकडा लिहायला जातो, ते मला ठाऊक आहे.

तुमच्या जागी नवीन गुरुजी आलेत. माणूस बरा वाटतो. परवा त्यांनी हजेरी घेताना कारखान्याला गेलेल्या पोरांची नावं गाळली, वेळ वाचावा म्हणून असेल. धाकटी पाचवीत आहे आता, उंच झालीय. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, सात नावं राहिली."

आपला,
तुमच्या विद्यार्थिनीचा थोरला भाऊ