रिपोर्ट आणायला एकटी जाऊ नकोस

मिरज, शुक्रवार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास त्याला आज पाच दिवस झाले. मी रागावलेले नाही. तू विचारलंस, "आई, तुला कळून घ्यायला आवडलं असतं का, आपण कधी जाणार ते?" आणि मी "असलं अभद्र बोलू नकोस" म्हणून मोकळी झाले. ते काही उत्तर नव्हे. फोनवर मला रडू येतं आणि तू चिडतेस, म्हणून लिहायला बसले.

आधी एकच सांगते आणि तो विषय संपवते. १४ तारखेला तुझ्या चाचणीचा रिपोर्ट आणायला एकटी जाऊ नकोस.

बाबांची पत्रिका अजून देवघराच्या खणात आहे. त्यात आयुर्मान ८० च्या पुढे लिहिलंय. ते ५५ व्या वर्षी गेले. रक्ताच्या रिपोर्टवर मात्र ४४ हा आकडा होता, आणि त्याचा अर्थ मला तूच समजावलास, ओट्यावर तुरीच्या डाळीचे दाणे मांडून. चौथ्या गुणसूत्रावर एका जागी तीच तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ३६ च्या आत असली तर माणूस सुटला, ४० किंवा त्याहून जास्त असली तर आज ना उद्या हंटिंग्टन, बाबांना झाला तो मेंदूचा आजार, होणारच. आई-वडिलांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. तू दाणे मोजत होतीस आणि मी तुझ्या बोटांकडे बघत होते, हलतात का म्हणून. तुला ते कळलं असणार. माफ कर.

पण ताई, आकडा तारीख सांगत नाही ना? आकडा मोठा असला तर साधारण लवकर सुरू होतं, एवढंच. कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, हे त्यावरून कुणालाच सांगता येत नाही, असं तूच म्हणालीस. मी ते धरून बसले आहे.

आपल्याकडे ते सुरू झालं सहीपासून. २००९ साली बँकेने बाबांचा चेक परत केला, सही जुळत नाही म्हणून. त्या रात्री ते तुझ्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर सह्या करत बसले. वरच्या ओळीत त्यांची सही होती, खाली येईपर्यंत ती दुसऱ्या कुणाची तरी झाली होती. मग रात्री चादरीखाली पायाची बोटं हलायला लागली, पेटीवर बोटं फिरावीत तशी, झोपेतसुद्धा थोडी थोडी. गल्लीत लोक म्हणायला लागले, हल्ली घेतात वाटतं. सुपारीचं खांड न खाणारा माणूस. आजोबांच्या अंगात वारं शिरलंय म्हणायचे, तेही हेच होतं, हे आम्हाला कुठे ठाऊक?

२०११ मध्ये रिपोर्ट आला तेव्हा मी एकटीच गेले होते. बाबा खाली रिक्षात बसले होते. डॉक्टरांनी भर व्हरांड्यात, उभ्या उभ्या सांगितलं आणि ते पुढच्या पेशंटकडे गेले. त्या व्हरांड्यातून जिन्यापर्यंत मी कशी आले ते आजही आठवत नाही. म्हणून म्हणते, एकटी जाऊ नकोस. तुमच्या कौन्सेलर बाईही तेच म्हणाल्यात ना, सोबत कुणाला तरी आणा म्हणून?

वटपौर्णिमेची कथा मी तुला दर वर्षी सांगायचे. सत्यवानाला एकच वर्ष आहे, हे नारदांनी लग्नाआधीच सांगितलं होतं. सावित्रीला माहीत होतं, सत्यवानाला नव्हतं. तो रानात लाकडं तोडत होता आणि ती कुणाला न सांगता दिवस मोजत होती. यमाशी ती काय बोलली ते सगळ्यांना पाठ असतं. त्याआधीचं वर्ष तिने कसं काढलं असेल, ते मला त्या रिक्षात बसल्यावर कळलं. मी बाबांना म्हणाले, "नसांचा आजार आहे, गोळ्यांनी बरं वाटेल."

तेव्हा मला विचारशील तर नको. मला कळायला नको होतं.

आता दुसरी गोष्ट. ही कुणालाच सांगितलेली नाही. बाबांना एकदा पायी पंढरीला जायचं होतं, आळंदीपासून माउलींच्या पालखीबरोबर. रिपोर्टनंतरच्या आषाढात टीव्हीवर रिंगण बघता बघता म्हणाले, "रिटायर झालो की जाऊ." मला ४४ माहीत होतं. मी म्हणाले, "जाऊ की." ते तेव्हा चालू शकत होते गं. खरं सांगितलं असतं तर त्याच वर्षी निघाले असते. म्हणून चाचणी करू नकोस, हे माझ्या तोंडून निघत नाही.

तू पाठवलेलं नॅन्सी वेक्सलर यांच्याबद्दलचं दोनदा वाचलं. १९६८ मध्ये त्यांच्या आईला हाच आजार असल्याचं कळलं, पुढे व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या घराघरांत जाऊन त्यांनी रक्ताचे नमुने गोळा केले, १९८३ मध्ये जनुकाची जागा आणि १९९३ मध्ये जनुक सापडलं. ज्यांच्या कामामुळे ही चाचणी निघाली, त्यांनी स्वतःबद्दल इतकी वर्षं जगाला काही सांगितलं नाही, आणि २०२० मध्ये सांगितलं की मलाही आहे. तू हे मला का पाठवलंस ते समजलं. पण माझं लक्ष गेलं त्यांच्या बहिणीकडे. दोघी होत्या.

बाबूला, तुझ्या भावाला, जाणून घ्यायचं नाही. तो हक्काने तसं म्हणतो, त्याच्यासमोर आकडा काढू नकोस. विम्याचं आधी बघ. त्या मुलाशी मोकळेपणाने बोलली आहेस का? लपवून लग्न नको, आपल्या घरात लपवालपवी पुष्कळ झाली. रिपोर्ट काहीही येवो, नोकरी सोडू नकोस, रात्रीचं जेवण टाळू नकोस... बघ, सुरू झालं. प्रवचन करायचं नाही असं ठरवून बसले होते.

पंधरा वर्षांची होतीस तेव्हा सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बाबांच्या पेल्याला चढवला होतास, हातातून निसटू नये म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. शेवटपर्यंत ते त्याच पेल्यातून चहा प्यायले. परवा घासताना ते रबर तुटलं, मी दोऱ्याने बांधून ठेवलंय. तुझ्यासारखं धाडस माझ्यात असतं तर त्या वेळी मी खोटं बोलले नसते.

१३ तारखेचं राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट काढलंय. तू नको म्हणालीस तर रद्द करते. डॉक्टरांच्या खोलीत येणार नाही, बाहेर बाकावर बसेन. ऐन दारातून तू परत फिरलीस तरी काही विचारणार नाही, तसं फिरता येतं असं तूच म्हणाली होतीस.

शेंगदाण्याची चटणी आणि भाकऱ्या आणते.

येऊ का, तेवढं कळव.

तुझी,
आई