निसेकोला येण्याआधी

कुत्चान, होक्काइदो

प्रिय दादा,
सा. न. आई-बाबांनाही सांग.

फेब्रुवारीत तुम्ही चौघं स्की करायला येताय, म्हणून डोंगराचं आधीच लिहिते. निसेकोचं अन्नुपुरी शिखर १,३०८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून (१,६४६) ठेंगणंच. तरी हंगामाला सरासरी १४-१५ मीटर बर्फ पडतो. सायबेरियाचा कोरडा, गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना वाफ उचलतो आणि डोंगर चढताना ती रिती करतो. महाबळेश्वरच्या पावसाचंही असंच. इथला बर्फ मात्र इतका कोरडा, की मुठीत दाबला तरी गोळा होत नाही, फुंकरीनं उडतो.

हिराफू, हानाझोनो, निसेको व्हिलेज आणि अन्नुपुरी ही चार केंद्रं याच डोंगरावर आहेत. चारींच्या लिफ्टचा मिळून एक पास मिळतो. त्याचं कार्ड जॅकेटच्या डाव्या खिशात एकटंच ठेवा. मोबाइल शेजारी असला की लिफ्टचं फाटक अडतं.

बुटात एकच पातळ, लांब मोजा. दोन घातले तर पाय आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. थर्मलची मोहरीही बुटात जाऊ देऊ नका; दुपारपर्यंत नडगी सोलवटते.

खुर्चीच्या लिफ्टला मुलं घाबरतील, त्यांना घरीच समजावून ठेव. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढायचे, दोन्ही काठ्या एका हातात. सॅक पाठीवरून पुढे, नाहीतर तिचा पट्टा खुर्चीत अडकतो. रेषेवर उभं राहून मागे बघायचं, खुर्ची टेकली की बसायचं, अडसराचा दांडा खाली. उतरताना स्कीची टोकं वर, उभं राहायचं आणि लगेच बाजूला सरकायचं. तिथेच रेंगाळलं की मागचे येऊन आदळतात.

बर्फ भरपूर पडतो त्या दिवशी बहुधा वाराही असतो, आणि वरच्या लिफ्ट बंद राहतात. हिरमुसू नका, खाली झाडांच्या आडोशाला छान घसरता येतं. खोल बर्फात पडून स्की निघाली, तर ती पडल्या जागेच्या वरच्या अंगाला शोधायची, काठी आडवी फिरवत. बहुतेक जण खाली शोधत बसतात.

एक मात्र कळकळीनं सांगते, हद्दीच्या दोराखालून कधी जाऊ नका. हद्दीबाहेर जायची ठरलेली फाटकं आहेत, आणि हिमस्खलनाचा धोका असला की ती बंद ठेवतात. सूचिपर्णी झाडाच्या बुंध्यालगतही जाऊ नका. फांद्यांखाली बर्फ भुसभुशीत राहून खड्डा होतो. त्यात डोकं खाली गेलं तर स्वतःहून निघता येत नाही. मुलं कायम नजरेच्या टप्प्यात हवीत.

काळ्या काचेचे गॉगल आणू नका. बर्फ पडत असताना उजेड सपाट होतो, उंचवटे दिसतच नाहीत. पिवळ्या काचेचे चार इथेच घेऊन ठेवते, मुलांच्या डोक्याचं माप तेवढं कळव.

तुझी धाकटी