न गाजलेले क्षण : ॲन आर्बरहून आबांना पत्र

ॲन आर्बर, मिशिगन
१६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुमचे पत्र पोचले. दादाने फोनवर दाखवलेली मिशिगन विद्यापीठाच्या विजेतेपदाची दृश्ये पाहून तुम्ही विचारले आहे की, या हेल्मेटवाल्या फुटबॉलमध्ये मला नेमके काय दिसते आणि गेल्या चार-पाच वर्षांतले कोणते प्रसंग माझ्या विशेष आवडीचे आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यातच आहे, म्हणून थेट प्रसंगांकडेच वळते. मात्र दादाने दाखवलेली दृश्ये इथे सगळ्यांनाच पाठ आहेत. माझ्या आवडीचे प्रसंग त्यांत नाहीत, आणि ते घडले नसते तर त्या दृश्यांपैकी कित्येक दृश्येही पुढे घडली असती की नाही याची मला शंका आहे. शाहू स्टेडियमवर आपल्या तालमींचे सामने पाहून परतताना तुम्ही गोल करणाऱ्यापेक्षा गोलरेषेवरून चेंडू बाहेर काढणाऱ्याबद्दल जास्त बोलत असायचा; ती खोड माझ्यातही उतरली आहे, असे समजा.

पुढचे समजण्यासाठी नियम थोडक्यात सांगते. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात आणि त्या प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. तीन प्रयत्नांत जमले नाही, तर बहुतेक संघ चौथ्या वेळी चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकतात, त्याला पंट म्हणतात. किंवा अंतर कमी असेल तर खांबांमधून किक मारून तीन गुण घेतात, तो फील्ड गोल. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला की टचडाऊन, त्याचे सहा गुण आणि वर एक जादा किक. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा : चेंडू घेतलेला खेळाडू स्वतःच्याच गोलरेषेमागे अडवला गेला, तर प्रतिस्पर्ध्याला दोन गुण मिळतात, शिवाय चेंडूही त्यांच्याकडेच जातो. याला सेफ्टी म्हणतात.

सुरुवात २०२० च्या नोव्हेंबरपासून करते. कोविडमुळे हंगाम उशिरा सुरू झाला होता, १,०७,६०१ आसनांचे इथले स्टेडियम रिकामे होते, आणि मिशिगनने पहिल्या चार सामन्यांपैकी तीन गमावले होते. त्यातला विस्कॉन्सिनविरुद्धचा तर घरच्या मैदानावर ४९-११ असा. प्रशिक्षक जिम हार्बो यांना घालवा, असे गावात उघडपणे बोलले जात होते. अशा वेळी २१ नोव्हेंबरला संघ न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या मैदानावर उतरला आणि पाहता पाहता १७-० असा पिछाडीवर गेला. तेव्हा हार्बोंनी क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा आणि हाताने पास फेकणारा खेळाडू, बदलला आणि केड मॅकनमारा नावाचा, तोवर फारसा कुणाच्या लक्षात नसलेला मुलगा मैदानात आला. त्याने चार टचडाऊन पास दिले. उत्तरार्धाच्या पहिल्याच किकवर जाइल्स जॅक्सन चेंडू घेऊन ९५ यार्ड धावत सुटला आणि सामना पुन्हा जिवंत झाला. नंतर बरोबरी सुटेना म्हणून एक नव्हे, तीन जादा डाव खेळावे लागले. शेवटी हसन हॅस्किन्सने एका यार्डावरून मुसंडी मारून टचडाऊन केला, डॅक्स हिलने रटगर्सचा शेवटचा पास मधेच पकडला आणि मिशिगन ४८-४२ असे जिंकले.

हा सामना कोणी आठवणीत ठेवत नाही, आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाशी कसाबसा मिळवलेला विजय, त्यापाठोपाठ पेन स्टेटशी पराभव, मग संघातच कोविड पसरल्याने उरलेले सामने रद्द आणि हंगामाचा हिशेब दोन विजय, चार पराभव. पुढच्या जानेवारीत हार्बोंनी निम्म्याच्या आसपास पगारावर नवा करार केला. तरीही मी त्या संध्याकाळीच पुढच्या वर्षाची सुरुवात धरते, कारण २०२१ मध्ये ज्या संघाने कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटला ४२-२७ असे हरवून दहा वर्षांचा दुष्काळ संपवला, त्याचा क्वार्टरबॅक हाच मॅकनमारा होता आणि त्या सामन्यात पाच टचडाऊन करणारा हाच हॅस्किन्स. एका वर्षाने मॅकनमाराची जागा अधिक गुणी जे. जे. मॅकार्थीने घेतली आणि तो आयोवाला निघून गेला. मॅकार्थी सरस होता यात वाद नाही, तरी मॅकनमाराविषयी माझ्या मनात थोडा पक्षपात आहे, तो मी लपवणार नाही.

२०२१ च्याच ऑक्टोबरमधला एक प्रसंग थोडक्यात सांगते. ९ तारखेला लिंकन इथे नेब्रास्काशी २९-२९ अशी बरोबरी होती आणि दोन मिनिटांहून कमी वेळ उरला होता. नेब्रास्काचा क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझ चेंडू छातीशी धरून गर्दीतून पुढे रेटत होता, आणि आता खेळ थांबल्याची शिट्टी वाजणार असे वाटत असताना ब्रॅड हॉकिन्सने त्याच्या हातातून चेंडू अक्षरशः उपटून काढला. मग जेक मूडीने ३९ यार्डांवरून किक मारली आणि मिशिगन ३२-२९ असे जिंकले. त्या सामन्यात हॅस्किन्स एका बचावपटूच्या डोक्यावरून उडी मारून गेला होता. चित्रे त्या उडीचीच फिरली आणि हॉकिन्सची मागे राहिली.

आता माझ्या सर्वांत आवडीच्या प्रसंगाकडे येते. १९ नोव्हेंबर २०२२, ॲन आर्बर, कडाक्याची थंडी, समोर इलिनॉय. मिशिगन तोवर अपराजित होते आणि पुढच्याच शनिवारी ओहायो स्टेटशी गाठ होती, त्यामुळे अर्ध्या प्रेक्षकांचे मन आधीच कोलंबसला, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावी, पोचले होते. पूर्वार्ध संपता संपता संघाचा मुख्य धावपटू ब्लेक कोरम याचा गुडघा दुखावला. त्याचा जोडीदार डोनोव्हन एडवर्ड्स त्या दिवशी खेळतच नव्हता. उत्तरार्धात इलिनॉयने आघाडी घेतली आणि मिशिगनला दुसरा टचडाऊन काही केल्या जमेना. संपूर्ण सामन्यात त्यांचा टचडाऊन एकच. बाकीचे बारा गुण मूडीच्या चार फील्ड गोलांचे. शेवटचा फील्ड गोल त्याने नऊ सेकंद उरले असताना ३५ यार्डांवरून मारला आणि निकाल १९-१७ असा लागला. ती किक प्रसिद्ध आहे. पण त्या किकपर्यंत पोचण्यासाठी याच शेवटच्या चढाईत एक चौथा डाऊन पार करावा लागला होता, आणि तिथे मॅकार्थीने ज्याला पास दिला तो आयझेया गॅश हा वॉक-ऑन होता.

वॉक-ऑन म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेला विद्यार्थी. मोठ्या संघाला निवडक खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या परवडतात, त्यांच्या मागे घरोघर फिरून प्रशिक्षक त्यांना आणतात. वॉक-ऑन मात्र स्वतःच्या पायाने येतो, आठवडाभर सरावात मुख्य खेळाडूंकडून आदळून घेतो आणि शनिवारी बहुधा कडेला उभा राहतो. त्या दिवशी पुढचे दोघे जायबंदी म्हणून गॅशवर पाळी आली. त्याने चेंडू झेलला, हवे तेवढे अंतर गाठले आणि पडला. तो पास सुटला असता तर मिशिगनच्या हातचा चेंडू गेला असता आणि बहुधा सामनाही. आठवड्याने कोलंबसला मिशिगन ४५-२३ असे जिंकले. तिथे हाताला प्लास्टर असलेल्या एडवर्ड्सने ७५ आणि ८५ यार्डांच्या दोन धावा काढल्या आणि गॅशला सगळे विसरले. ओहायोतून आलेला आमच्या प्रयोगशाळेतला एक सहकारी म्हणतो की, मिशिगनवाल्यांना आपल्या नशिबालाच गुण म्हणायची सवय आहे. गॅशच्या बाबतीत मला त्याचे म्हणणे मान्य नाही.

त्या कोलंबसच्या सामन्यातलेही मला एडवर्ड्सच्या धावांपेक्षा माइक सेनरिस्टिल अधिक आठवतो. हा हैतीत जन्मलेला, बॉस्टनजवळच्या एव्हरेटमध्ये वाढलेला मुलगा आधी पास झेलणारा होता आणि त्याच वर्षी त्याला बचावात आणले होते. उत्तरार्धात ओहायोच्या केड स्टोव्हरच्या हातात टचडाऊनचा चेंडू जवळजवळ बसला असताना सेनरिस्टिलने शेवटच्या क्षणी हात घालून तो उडवला. मध्यंतराला २०-१७ असे पुढे असलेल्या ओहायोला उत्तरार्धात फक्त तीन गुण मिळाले. पुढच्या वर्षी राष्ट्रीय अंतिम सामन्यात ८१ यार्ड धावत आणलेल्या चेंडूमुळे सेनरिस्टिल सगळ्या देशाला माहीत झाला, ते तुम्ही पाहिलेच आहे.

२०२३ चा हंगाम पंधरापैकी पंधरा विजयांचा. त्यावर प्रतिस्पर्धी प्रशिक्षक कडेवरून खेळाडूंना करतात त्या खुणा चोरल्याच्या आरोपाची सावली आहे आणि ती लपवून तुम्हाला गौरवगाथा लिहिणे मला योग्य वाटत नाही. त्या प्रकरणात बिग टेन या मिशिगन ज्यात खेळते त्या विद्यापीठांच्या संघटनेने हार्बोंना नियमित हंगामाच्या शेवटच्या तीन सामन्यांत मैदानावर येण्यास मनाई केली आणि शेरोन मूर यांनी त्यांची जागा सांभाळली. त्या तिघांतला मधला सामना १८ नोव्हेंबरला मेरीलँडशी झाला. मिशिगनचा हा हजारावा विजय, देशात कोणत्याही विद्यापीठाच्या आधीचा, म्हणून तो आकडा लोकांच्या लक्षात आहे. सामना मात्र रडतखडत ३१-२४ असा जिंकला गेला. सात गुणांच्या त्या फरकापैकी चार गुण दोन सेफ्टींचे होते : एक मेरीलँडचा पंट अडवल्याने, आणि दुसरी टॉमी डोमनच्या पंटने मेरीलँडला त्यांच्याच गोलरेषेला नेऊन टेकवल्याने. पंट मारणारा मैदानात आला की लोक खायला उठतात. त्या दिवशी जे उठले त्यांचे नुकसान झाले.

रोझ बोलबद्दल, म्हणजे त्या हंगामाच्या राष्ट्रीय उपांत्य सामन्याबद्दल, जरा सविस्तर लिहिते, कारण दादाने तुम्हाला तो अर्धवट दाखवला आहे. १ जानेवारी २०२४, पासाडेना, समोर अलाबामा. सामन्यात आधी सेमाज मॉर्गनच्या हातून पंट झेलताना चेंडू सुटला होता आणि त्यावर अलाबामाने टचडाऊन केला होता. शेवटी दीड मिनिट उरले असताना रोमन विल्सनच्या टचडाऊनने २०-२० अशी बरोबरी झाली. दादाने तिथून एकदम जादा डावातली कोरमची धाव दाखवली. मधे काय घडले ते असे : अलाबामाला पुढे सरकता आले नाही, त्यांनी पंट मारला आणि या वेळी तो झेलायला जेक थॉ उभा होता. मिनिटाहूनही कमी वेळ उरला होता. चेंडू थॉच्या हातातून निसटून त्याच्याच गोलरेषेकडे घरंगळत गेला. अलाबामाचा एखादा खेळाडू त्यावर पडला असता तर टचडाऊन. थॉ रेषेमागे अडवला गेला असता तर सेफ्टी, म्हणजे दोन गुण आणि सामना. त्याने कसाबसा चेंडू उचलला आणि रेषेपासून यार्डभर अंतरावर तो खाली पडला.

हा पराक्रम नव्हे, हे मला कळते. चूक त्याचीच होती आणि सावरलीही त्यानेच. पण हजारो लोक श्वास रोखून पाहत असताना, हातून नुकतीच एवढी मोठी गोष्ट निसटलेली असताना, पुढच्या क्षणी योग्य दिशेला वाकणे ही मला लहान गोष्ट वाटत नाही. नंतर कोरम धावला, अलाबामाच्या जेलन मिल्रोला शेवटच्या प्रयत्नात रेषेआधी अडवले गेले आणि मिशिगन २७-२० असे जिंकले. आठवड्याने ह्यूस्टनला वॉशिंग्टनवर ३४-१३ असा विजय मिळवून विजेतेपद घेतले.

शेवटचा प्रसंग गेल्या ३० नोव्हेंबरचा. हार्बो व्यावसायिक फुटबॉलकडे गेले, मॅकार्थी आणि कोरमही गेले, हंगाम यथातथाच चालला होता, आणि कोलंबसला ओहायो सुमारे वीस गुणांनी जिंकेल असा सर्वत्र अंदाज होता. विल जॉन्सन आणि कोल्स्टन लव्हलँड हे मिशिगनचे दोन सर्वोत्तम खेळाडू खेळत नव्हते. पासने साऱ्या सामन्यात ६२ यार्ड मिळाले. एवढ्यावर कोणी सामना जिंकत नाही. तरी मिशिगन १३-१० असे जिंकले. डॉमिनिक झ्वाडाची ४५ सेकंद उरले असताना मारलेली २१ यार्डांची किक सगळ्यांना आठवते, पण तेवढ्या अंतरावरून चुकणे हेच नवल ठरले असते. आधी १०-७ असे मागे असताना त्याने ५४ यार्डांवरून मारलेली किक मात्र खरी अवघड होती, आणि तिच्यामुळेच बरोबरी झाली. मकारी पेजने गोलरेषेजवळ ओहायोचा पास पकडला नसता तर त्या दोन्ही किका वाया गेल्या असत्या. त्याच ओहायोने या जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, त्यामुळे आमचा सहकारी आता हा विषय काढू देत नाही.

दादाला सांगून रोझ बोलचा शेवट पुन्हा लावून घ्या आणि विल्सनच्या टचडाऊननंतर त्याला पुढे सरकवू देऊ नका. इलिनॉयचा सामना पूर्ण पाहण्याइतका देखणा नाही, शेवटची चढाई तेवढी पाहा. नंतर तुमच्या मते यांतला कोणता वरचा ठरतो, ते अवश्य कळवा. थॉच्या बाबतीत तुम्ही माझ्याशी सहमत होणार नाही असा माझा अंदाज आहे. आईस नमस्कार, दादा-वहिनींस नमस्कार, लहानग्यांस अनेक आशीर्वाद.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची लेक